अकरा किलोचा तुंबा

बाभळीचा तुंबा, अकरा किलो.

बायडाबाईची म्हैस एकदा खुंट्यासकट पळाली. दावं मात्र तुटलं नाही.

छताला सोनेरी कमळं. पीओपीची, अठरा.

बाजरीचं एक पोतं.

खुर्चीच्या पाठीला सेलोटेपने लावलेला कागद: आप्पांसाठी राखीव.

क्रेनने उचलायचा हार. क्रेन आत येत नाही.

*

मांजरसुंब्याला सोमेश्वरचं नवं हॉटेल उघडणार होतं. टेबलांवर लाकडी दिवे लोंबायला हवेत, असं त्याने कुठल्याशा रीलमध्ये पाहिलं होतं. बीडचा सुतार गुफरान दिंद्रुड गावाहून जुन्या बैलगाड्यांचे तुंबे घेऊन आला. तुंबा म्हणजे चाकाच्या मधला लाकडाचा गोळा, ज्यात आरे बसतात. मधोमध भोक आधीच असतं, त्यातून वायर जाते. गुफरानने सहा तुंबे तासले, तेल पाजलं, आणि प्रत्येकाच्या बुडाला तापल्या सळईने आपलं नाव डागलं. खाली जेवायला बसलेल्याने मान वर केली की गुफरान वाचावं.

गुफरानला घोर लागला तो त्यामुळेच. दिवा पडला तर डोक्यावर नाव पडणार होतं, आणि नाव त्याचं होतं.

त्याने सामान आणलं: स्लॅबमध्ये ठोकायचे जाड बोल्ट, स्टीलची दोरी, चिनी मातीचे होल्डर. सोमेश्वरला समजावलं की वजन वायरने धरायचं नसतं, दोरीने धरायचं असतं. पीओपीला हुक लावणं म्हणजे पापडाला खिळा ठोकणं. बोल्ट कमळातून आरपार जाऊन वरच्या स्लॅबलाच लागला पाहिजे.

सोमेश्वरने सगळं ऐकलं. मग विचारलं, कमळाला भोक पडेल का?

पडेल, गुफरान म्हणाला.

मग सोमेश्वरने तो विषय लोकशाहीवर सोडला.

*

व्हॉट्सअॅप गट: उद्घाटन सोहळा.
प्रश्न: दिव्यांना काय शोभेल?
सोनेरी साखळी: एकेचाळीस मतं.
स्टीलची दोरी: एक.

एक कुणाचं हे गटाने लगेच ओळखलं. कुणीतरी लिहिलं, भाई, दिवा टांगायचाय, हत्ती न्हाई.

*

सोनेरी साखळीच्या कड्यांची तोंडं जोडलेलीही नव्हती, नुसती वाकवलेली होती. गुफरानने एक कडी दोन बोटांनी उघडून सोमेश्वरपुढे ठेवली. सोमेश्वरने ती दोन बोटांनी परत मिटवली आणि म्हणाला की झालं, बसली.

भाकरीच्या चुलीपाशी बायडाबाई बसलेली असे. घरी दोन म्हशी, इथे बारा तास भाकऱ्या. ती तिथूनच बोलली, "लेकरा, वजनानं दावं तुटत न्हाई. हिसड्यानं तुटतं. म्हैस उभी हाय तवर कोणतंबी दावं चांगलंच."

"ऐका की शेठ," गुफरान म्हणाला. "मावशीला कळतंय."

सोमेश्वर म्हणाला की हॉटेलात म्हैस बांधायची नाही. तरी थोडा नरमला. एका भोकाची परवानगी दिली. एकच, आणि ते प्रमुख पाहुणे आप्पांच्या खुर्चीच्या वर.

गुफरानने एकच भोक पाडलं. बायडाबाईच्या डोक्याच्या वर, जिथे पीओपी पोचली नव्हती आणि स्लॅब उघडा होता. सोमेश्वरने कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "आप्पा वीस मिनिटं बसणार. मावशी रोज बसती."

बाकीचे पाच दिवे त्याने टांगले नाहीत. जमिनीवर पालथे घातले, रंधा काढला आणि पाचही बुडांवरून आपलं नाव तासून टाकलं. भुसा कागदात बांधून सोबत नेला. ते पाच दिवे मंडप सजवणाऱ्या भारतने पीओपीलाच हुक लावून सोनेरी साखळीने अर्ध्या तासात लटकवले. दिसायला सुरेख.

*

उद्घाटनाला धोंडीराम आप्पा आले. गावात पंचवीस वर्षं पुढारी, त्यामुळे हार क्रेनशिवाय चालत नाही. क्रेन ओसरीतच अडकली. चाळीस किलो झेंडू अधांतरी राहिला. भारतने वर पाहिलं. आप्पांच्या खुर्चीच्या बरोबर वर हुक होता, आणि तो त्यानेच बसवलेला, म्हणजे भरवशाचा. हार दिव्याला बांधला.

आप्पा बॅनरपाशी फोटो काढून घेत होते, म्हणून खुर्ची रिकामी होती.

आधी साखळी गेली की पीओपी, यावर अजून दोन गट आहेत. तुंबा, हार आणि तीन कमळं एकदमच खुर्चीवर आली. खुर्चीचे पाय चार दिशांना गेले. राखीवचा कागद मात्र पाठीला तसाच राहिला.

आप्पांनी वाकून तो कागद वाचला. "म्हणजे मी इथं बसणार होतो," ते म्हणाले.

मग जबाबदार शोधणं सुरू झालं. चौघांनी मिळून तुंबा उलटा केला. बुडाला नुसतं गुळगुळीत लाकूड.

"नाव कावून न्हाई बे ह्याच्यावर?" सोमेश्वरने गुफरानला विचारलं. भाई म्हणणं संपलं होतं.

गुफरानने चुलीकडे बोट दाखवलं. "नाव तिकडं हाय."

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. बायडाबाई भाकरी थापत होती, वर दिवा स्टीलच्या दोरीला स्थिर. आप्पा निघाले ते थेट तिच्याजवळ जाऊन जमिनीवर मांडी घालून बसले. मग कार्यकर्ते सरकले, मग फोटोवाला, मग एकेचाळीस मतांपैकी मावतील तेवढे. पाच टेबलं रिकामी, आणि चुलीपाशी एका दिव्याखाली दाटीवाटीत पंगत.

"बाजूला सरका की," बायडाबाई म्हणाली. "तवा लागंल."

कुणी सरकलं नाही.

वाढता वाढता सोमेश्वर प्रत्येकाला सांगत होता की साखळी अशी दगा देईल हे कुणाला ठाऊक होतं. आधी कुणी दाखवून दिलं असतं तर ऐकलं नसतं का.

आदल्या मंगळवारी गुफरानने त्याच सोनेरी साखळीला बाजरीचं पोतं टांगून पाहिलं होतं, आणि सांडलेली बाजरी सोमेश्वरनेच झाडून भरली होती.