दोन डाव्या बाह्यांचा कोट

आमच्या संग्रहालयात एकही वस्तू धड नाही, आणि ज्याला ते खपत नसेल त्याने बाहेरच्या बाहेर जावं. मी कोणाला हाताला धरून आत आणत नाही. पुढे आमचं शिवणकामाचं दुकान, मागे एक लांबट खोली, आणि त्या खोलीत भिंतीला लागून फक्त बिघडलेले कपडे. चुकीचे कापलेले, उलटे शिवलेले, इस्त्रीने जाळलेले. प्रत्येकाच्या छातीवर टाचणीने टोचलेली एक चिठ्ठी.

ही कल्पना वडिलांची. दुसऱ्यांच्या दुकानांत उमेदवारी करताना त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. कपडा बिघडला की मालक आरडाओरडा करतो, मग कारागीर पुढच्या वेळी कपडा लपवतो, आणि चूक काही थांबत नाही. स्वतःचं दुकान काढल्यावर त्यांनी नियम केला. चूक झाली तर कोणी आवाज चढवायचा नाही. ज्याने बिघडवलं त्याने आपल्या हाताने चिठ्ठी लिहायची, काय बिघडलं आणि कसं, खाली आपलं नाव, आणि कपडा मागच्या भिंतीवर टांगायचा. एकाची चिठ्ठी दुसऱ्याने लिहायची नाही. कपडा घालून बघायला मागे गेलेली गिऱ्हाइकं ते वाचून हसू लागली, मग आपल्या पाहुण्यांना दाखवायला आणू लागली, आणि वडील गेले तोवर दुकानापेक्षा भिंतीचं नाव जास्त झालं होतं.

भिंतीवर सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या मास्तरांच्या. मास्तर म्हणजे आमचे कापणारे. आमच्या दुकानात उभी हयात घालवली, टेबलाशी उभे असतानाच आजारी पडले आणि त्यातच गेले. माणूस चुकायचाही मन लावून आणि लिहायचाही मन लावून. एकदा त्यांनी गिऱ्हाइकांची मापं जुन्या टेपने घेतली, जी वापरून वापरून ताणली गेली होती, आणि कापड कापलं कोऱ्या टेपने. त्या आठवड्यात आमच्या दुकानातून बाहेर पडलेली प्रत्येक पँट घोट्याच्या वर राहिली. चिठ्ठीत मास्तरांनी लिहिलंय, 'दोष टेपचा नाही, ती म्हातारी झाली होती. मलाच दिसायला हवं होतं.' दुसरी एक कॉर्डरॉयची पँट आहे. तिच्या एका पायाची लव वरच्या दिशेने, दुसऱ्याची खालच्या. उजेडात धरली की एक पाय काळा दिसतो आणि एक करडा. तिच्यावर फक्त एवढंच आहे, 'आज डोकं घरी राहिलं.'

आणि मग तो कोट. तो माझ्या धाकट्या भावाचा.

भावाला घरात छोटू म्हणतात. आता तो पन्नाशीला आलाय, त्याची मोठमोठ्या शहरांत काचेची दुकानं आहेत आणि प्रत्येक दुकानाच्या पाटीवर 'न चुकणारी कात्री' असं लिहिलेलं असतं. पण आमच्याकडे तो छोटूच. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा त्याने हट्ट करून एका गिऱ्हाइकाचा कोट कापायला घेतला. कापड दुहेरी घडी घालून कापलं की एक बाही डावी आणि एक उजवी आपसूक निघते. कापड कमी असेल तर एकेरी कापावं लागतं आणि दुसऱ्या बाहीला कागदाचा खाका उलटा ठेवावा लागतो. छोटूने तो तसाच ठेवला. निघाल्या दोन डाव्या बाह्या. त्यातून हा शहाणा कोणाला न विचारता शिवूनही मोकळा झाला. तो कोट अंगात घातला की डावा हात सरळ राहतो आणि उजवा कोपरापासून मागे वळायला बघतो.

गिऱ्हाईक होता वाजंत्री पथकातला एक माणूस. त्याच्या मुलीच्या लग्नासाठी त्याने ते कापड लांबून आणलं होतं आणि तसं कापड पुन्हा मिळणार नव्हतं. त्याने दुकान डोक्यावर घेतलं. मास्तर पुढे झाले आणि म्हणाले, चूक माझी. तो माणूस मास्तरांना नाही नाही ते बोलला, मास्तर मान खाली घालून उभे राहिले, आणि छोटू पडद्यामागे लपून बसला होता. माणूस गेल्यावर छोटू हळूच म्हणाला, की मग चिठ्ठीवरही तुमचंच नाव लिहा ना. तेव्हा मास्तर जे म्हणाले ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

"शिव्या मी खाल्ल्या, चिठ्ठी तू लिही."

छोटूने लिहिली. नाक ओढत लिहिली, पण लिहिली. तेव्हापासून कोट भिंतीवर आहे.

यंदा एक बाई आल्या. जगभरातल्या तऱ्हेवाईक संग्रहालयांवर त्या पुस्तक करत होत्या. कुठे नुसते मोडके चमचे ठेवलेत, कुठे लोकांनी विसरलेल्या कवळ्या, कुठे एका म्हाताऱ्याने आयुष्यभर जमवलेल्या दारांच्या घंट्या, आणि त्या सगळ्या वाजवून बघायची मुभा. हे सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. मला ती बाई आवडली, एरवी मला फारसं कोणी आवडत नाही. त्यांना आमची भिंत पुस्तकात हवी होती. अट एकच, लोकांना आत येऊन, फिरून बघता आलं पाहिजे. त्या पुढच्या आठवड्यात फोटो काढायला येणार होत्या.

छोटूच्या कानावर ते कसं गेलं कोण जाणे, पण फोटोच्या आधी तो हजर झाला. गाडी दारात, अंगात स्वतःच्या हातचा सूट. तो सुंदर होता, खोटं का बोलू. आईच्या पाया पडला. आमची आई अजून काजं करते. चष्मा नाकावर, सुई हातात, आणि कोणी पाया पडलं तरी टाका अर्धा सोडत नाही.

तो थेट मुद्द्यावर आला. कोट काढून टाक. पुस्तक देशोदेशी जाणार, त्यात माझं नाव आणि दोन डाव्या बाह्या. लोक मला हसतील.

मी म्हटलं, लोक सगळ्यांनाच हसतात, म्हणून तर येतात. माझे जळके शर्ट दाराशीच टांगलेत, त्यांना कोणी हसल्याने माझं काय झिजलं? तो म्हणाला, तुझं ठीक आहे ताई, तुला कोण ओळखतं. तो हे वाईट मनाने बोलला नाही, आणि त्यामुळेच मला जास्त झोंबलं.

मग त्याने खोलीचा विषय काढला. वडिलांच्या मागे वाटणी झाली तेव्हा पुढचं दुकान माझ्या वाट्याला आलं आणि मागची खोली त्याच्या. त्याने आजवर ती मागितली नव्हती, मी वापरत होते. शेजारचा औषधवाला गोदामासाठी जागा शोधत होता आणि छोटूने त्याच्याशी बोलणं करून ठेवलं होतं. कोट उतरला तर खोली मला कायमची, त्याने लिहून द्यायची तयारी दाखवली. नाही तर आठवड्याभरात रिकामी करायची. खोली गेली तर संग्रहालय गेलं, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. पुढच्या दुकानात चार मशिनं, कापायचं टेबल आणि आईची खुर्ची सोडली तर माणसाला वळायला जागा नाही.

माझा चेहरा बघून तो जरा नरमला. बरं, कोट राहू दे, म्हणाला. नुसती चिठ्ठी बदल.

"मास्तरांचं नाव घाल, ताई. त्यांच्या नावावर एवढ्या आहेत, त्यात आणखी एक. आता ते थोडेच बघायला येणार आहेत?"

खरं सांगते, क्षणभर मी विचार केला. आख्खी भिंत वाचणार होती. मास्तरांना मी ओळखत होते, ते वरून बघून हसलेही असते. माझा हात टेबलावरच्या पेनाकडे गेला. मग मला ते मान खाली घालून उभे असलेले दिसले, आणि माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की काही विचारू नका. या माणसाने त्यांच्याकडून कात्री धरायला शिकून घेतलं, त्यांना आपल्या वाट्याच्या शिव्या खायला लावल्या, आणि आता मेल्यावरही त्यांनीच याचं ओझं वाहायचं?

"मास्तरांच्या चुका मास्तरांच्या आहेत," मी म्हटलं. "त्यांनी त्या कमावल्यात. तुझी त्यांच्या गळ्यात नाही घालणार."

छोटू आईकडे वळला. आईने दोरा दाताने तोडला आणि विचारलं, जेवून जाणार आहेस का. तो जेवला नाही.

आठवडाभर वाट बघायला मी काही त्याची नोकर नव्हते. दुसऱ्याच दिवशी दुकान बंद ठेवलं आणि खोली रिकामी करायला घेतली. दोन मशिनं विकायचा विचार केला, मग तो विचार मनातून काढून टाकला. मशिनं आहेत तिथेच राहिली. भिंतीच्या वरच्या कडेने, पंख्याच्या दांड्याला वळसा घालून, इकडून तिकडे दोऱ्या बांधल्या. कॉर्डरॉयची पँट कापायच्या टेबलावर आली, घोट्याच्या वरच्या पँटी खिडकीत ओळीने, माझे जळके शर्ट बाहेर दारावरच. पलीकडचा इस्त्रीवाला शिडी घेऊन आला आणि वर चढून मला शिव्या देत देत खिळे ठोकत बसला. संध्याकाळपर्यंत दुकानात चालायचं म्हणजे बाह्या बाजूला सारत चालायचं, असं झालं. मशिनवर बसणाऱ्या कारागीर बाईच्या बरोबर डोक्यावर येईल असा एका वकिलाचा झगा लोंबत होता. मला सांगायला हरकत नाही, खोलीत होतं त्यापेक्षा ते कितीतरी छान दिसत होतं. आता बघायला येणाऱ्याला कपडे जिथे बिघडतात तिथेच उभं राहायला मिळणार होतं.

दोन डाव्या बाह्यांचा कोट मी पुतळ्याला घातला आणि दर्शनी काचेत ठेवला.

फोटोच्या दिवशी सकाळीच छोटू किल्ली घ्यायला आला. काचेपाशी थबकला. मग तणतणत आत आला. मी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. खोली झाडून दिली होती, एक टाचणीसुद्धा मागे सोडली नव्हती. तो खोलीकडे बघेचना. म्हणाला, कोट मी शिवला आहे, तो माझा आहे, मी घेऊन जातो.

आई खुर्चीतून उठली. तिला उठायला वेळ लागतो.

"कापड त्या वाजंत्र्याचं," ती म्हणाली. "शिव्या मास्तरांनी खाल्ल्या. पुतळा माझ्या लेकीचा, काच तिची. तुझी त्यात एक चिठ्ठीच आहे बाळा. ती न्यायची असेल तर ने. कोटाला हात लावायचा नाही."

मला वाटलं, तो लाजेल. आईलाही तसंच वाटलं असावं. पण छोटूने काचेत हात घातला, टाचणी काढली, चिठ्ठीची घडी घातली आणि सुटाच्या आतल्या खिशात ठेवली. त्याने ती वाचलीही नाही. मग गाडीत बसला आणि गेला. आई बराच वेळ दाराकडे बघत होती. मला तिचं वाईट वाटलं, त्याचं नाही.

पुस्तकवाल्या बाई दुपारी आल्या. वकिलाच्या झग्याखालून वाकून आत शिरल्या आणि हसायला लागल्या. सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या, सगळे फोटो काढले, टेपची गोष्ट मला दोनदा सांगायला लावली. शेवटी काचेपाशी आल्या. पुतळ्याचा उजवा हात मागे वळलेला बघून त्यांना काय बिघडलंय ते लगेच कळलं. कोणाच्या हातून, ते कळेना. त्यांनी विचारलं, "याचीच चिठ्ठी नाही, ती का?"

दुसऱ्याची चिठ्ठी लिहायची नाही, हा वडिलांचा नियम मी मोडला नाही आणि मोडणारही नाही. त्या कोटावर आजही काही लिहिलेलं नाही. पण तोंडाने सांगू नये असा नियम वडिलांनी केला नव्हता. मी बाईंना स्टूल दिलं. छोटूच्या चिठ्ठीत जेमतेम दोन ओळी होत्या, त्यात ना वाजंत्री होता ना मास्तर. मी त्या दिवशी सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून, त्याच्या नावासकट आणि दुकानांवरच्या पाट्यांसकट. पुस्तक निघाल्यापासून रोज कोणी ना कोणी येतं, काचेपाशी थांबतं आणि तेच विचारतं. मग मी हातातलं काम खाली ठेवते, त्यांना बसायला स्टूल देते आणि पुन्हा पहिल्यापासून सांगते.