रोजचा बुधवार

सासऱ्यांच्या उजव्या हाताची नखं कापता कापता सासूबाईंनी मान वर केली आणि कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरकडे पाहत विचारलं,

"हा अजून बडबडतोच आहे का गं?"

"बडबडू दे, आई. तेच काम आहे त्याचं," सूनबाई म्हणाली.

"मग स्वतःचा पंखा तरी हळू फिरव म्हणावं. आमच्या ह्यांचं बोलणं ऐकू येत नाही."

सासरे म्हणाले, "बुधवार."

"बघ, ह्यांनाही पटलं."

सूनबाई हसली, पण ते हसणं भिडेखातर होतं. मेंदूत रक्ताची गाठ झाली त्या दिवसापासून सासऱ्यांची उजवी बाजू लुळी पडली होती आणि तोंडात हा एवढा एकच शब्द शिल्लक राहिला होता. पाणी हवं असलं तरी बुधवार, राग आला तरी बुधवार. बुधवारच का, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. राहतो एखादा शब्द असा मागे, म्हणाले. ऐकलेलं त्यांना कितपत कळतं, हेही छातीठोकपणे सांगता येणार नाही, म्हणाले. सासूबाईंनी आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता: ह्यांना सगळं कळतं. आल्यागेल्याला त्या सांगत, "आमच्याकडे रोजच बुधवार," आणि समोरच्याला अवघडायला वेळ न देता आपणच आधी हसत. सूनबाईला मात्र तसं वाटत नव्हतं. ती सासऱ्यांशी मोठ्यानं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायची आणि उत्तराची वाट न बघताच मान डोलवायची.

एके काळी ह्या माणसाचा एक शब्द काना-मात्रेसकट बरोबर कळावा म्हणून ती जिवाचं रान करायची. सासऱ्यांनी तरुणपणी फायली आवळणारी एक लायब्ररी, म्हणजे कुठल्याही प्रोग्रॅमला जोडून वापरता येईल असा तयार कोड, लिहिली होती. मोठी फाइल लहान करायची, आणि उघडली की एकही अक्षर इकडचं तिकडे न होता जशीच्या तशी परत द्यायची, एवढंच तिचं काम. तिचा कोड सगळ्यांसाठी खुला होता. ज्याला हवा त्यानं घ्यावा, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी. सूनबाई ह्या घरात आली तीही त्याच वाटेनं. शिकत असताना तिनं एक दुरुस्ती पाठवली होती आणि सासऱ्यांनी ती तीनदा परत धाडली होती. कोडमध्ये खोट नव्हती, सोबतची टीप लांबली होती. 'फायली आवळणाऱ्यांनी पाल्हाळ लावू नये,' असा शेरा होता. त्यावर भांडायला ती तडक घरी आली, तर दार उघडलं चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या त्यांच्या मुलानं. घरात अजूनही म्हणतात, हिनं लग्न लायब्ररीशी केलं, नवरा फुकटात मिळाला.

आता त्या लायब्ररीवर बालंट आलं होतं. 'पाणबुडा' ह्या टोपणनावानं लिहिणाऱ्या कुणा परक्या माणसानं कळवलं होतं की त्याच्या रुग्णालयात तपासण्यांची चित्रं उघडायला हीच लायब्ररी वापरतात, आणि मधूनच एखादी फाइल अशी येते की उघडणारा प्रोग्रॅम जागच्या जागी कोसळतो. मागची सगळी रांग खोळंबते, डॉक्टर चित्रांची वाट बघत बसतात. ती फाइल पाठव म्हटलं तर पाठवता येईना, कारण तिच्यात रुग्णांची माहिती. म्हणजे चोर आहे हे नक्की, पण तोंड दाखवणार नाही.

कोड कोसळत होता तो फाइल उघडण्याच्या भागात, आणि नेमका तोच भाग सासऱ्यांनी एकहाती लिहिलेला होता, तोही कुणाला काही समजावून न सांगता. सूनबाईनं तो डोळ्यांत तेल घालून वाचला आणि शेवटी हात टेकले. लायब्ररी सांभाळणारे बाकीचे सोबती, कुठकुठल्या गावांतून लिहिणारे पाचसहा जण, म्हणू लागले की हा भागच काढून टाकू आणि दुसरीकडचा तयार भाग आणून बसवू. सोमवारी कौल घ्यायचं ठरलं. तिला ते नको होतं. सासऱ्यांचं बोलणं गेलं होतं. त्यांच्या स्वतःच्या शब्दांतलं म्हणावं असं आता तेवढंच उरलं होतं. पण अडचण अशी की त्या चर्चेत तिनंच लिहिलं होतं, 'मूळ लेखकाला आता विचारणं शक्य नाही.' त्या वाक्याला धरूनच बाकीचे बोलत होते.

म्हणून कोड कोसळवणारी तसली फाइल आपणच शोधून काढायला तिनं अडगळीतला कॉम्प्युटर पुसून कामाला लावला होता.

"पण तो करतो काय दिवसभर?" सासूबाईंनी नेलकटर मिटवत विचारलं.

"बाबांच्या कोडवर कचरा फेकतो."

"काय?"

"काय वाट्टेल ते, आई. ना शेंडा ना बुडखा. बाबांचा कोड बहुतेक कचरा दारातूनच परत पाठवतो. पण एखाद्या वेळी कोड थोडा पुढे जातो, ह्याआधी कधी पोचला नव्हता अशा ओळीपर्यंत. तसं झालं की हा तेवढा कचरा ठेवून घेतो. मग त्यातच थोडं बदलून परत फेकतो."

"आणि सुरुवात कशानं केली?"

"एका अक्षरानं. बसा, दाखवते."

तिनं पडदा चालू केला. काल त्या ठेवून घेतलेल्या ओळींत चिन्हांचा नुसता चिवडा होता. आज प्रत्येक ओळ त्याच पाच रोमन अक्षरांनी सुरू होत होती आणि ती सरळ वाचता येत होती. ठकी.

तिचा हात माउसवर तसाच राहिला. सासऱ्यांच्या पद्धतीनं आवळलेली प्रत्येक फाइल ह्या पाच अक्षरांनी सुरू होते, हे तिला माहीत होतं. ती दारावरची पाटी असते. ती जुळली तरच कोड फाइलला आत घेतो. यंत्र चाचपडत कधी ना कधी तिथवर पोचेल, हेही ती शिकलेली होती. पण शिकलेलं असणं वेगळं. ज्याला भाषा नाही, ओळखपाळख नाही अशा एका डब्यानं एका अक्षरापासून सुरुवात करून ह्या घरातल्या बाईचं नाव लिहिलं होतं, आणि ती बाई तिच्या मागे तीन पावलांवर बसली होती. 

"आई, जरा इकडे या."

सासूबाई चष्मा सावरत आल्या. वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे कुणी लिहिलं?"

ठकी हे नाव त्यांना लहानपणी पडलं होतं. त्या नावानं हाक मारणारं आता एकच माणूस उरलं होतं, आणि त्याला ते म्हणता येत नव्हतं.

"ह्यानंच," सूनबाई कॉम्प्युटरकडे बोट दाखवत म्हणाली.

"त्याला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. हजारदा चुकलं. एकदा पहिलं अक्षर बरोबर पडलं, कोड एक पाऊल पुढे गेला, म्हणून त्यानं ते धरून ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं."

"म्हणजे हे नाव आहे, हेसुद्धा त्याला ठाऊक नाही?"

"नाही."

 सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच ठेवला.

"ह्यांचं तसंच चाललंय," त्या म्हणाल्या. "पाण्याचा बुधवार वेगळा आहे, खिडकी लावायचा वेगळा. आधी सगळे सारखेच होते. पण ज्या बुधवारला मी उठले, तो ह्यांनी धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी तसाच लावला, त्याच सुरात. तुला कळत नाही का वेगळे?"

सूनबाईला कळत नव्हते. इतके महिने ह्याच खोलीत बसून तिला ते सगळे एकसारखेच ऐकू आले होते. ती काहीतरी पुटपुटली आणि पडद्याकडे वळली, कारण त्याच वेळी कॉम्प्युटरनं टिंग केलं होतं.

कोड कोसळवणाऱ्या फायलींच्या रकान्यात आजवर शून्य होतं. तिथे एक आला होता.

तिनं ती फाइल उघडली. जेमतेम दोन ओळींची, पण रीतसर: आधी पाटी, मग आज्ञा. कचऱ्यातून उभी राहिलेली खरीखुरी फाइल. आज्ञा एकाखाली एक मांडून दाखवायची सोय होती, तशा तिनं त्या मांडल्या. सासऱ्यांच्या पद्धतीत आज्ञा दोनच प्रकारच्या. एक, ही अक्षरं लिही. दुसरी, इतकी अक्षरं मागे जा आणि तिथून इतकी उचलून आण. एकदा येऊन गेलेलं पुन्हा लिहायचं नाही, नुसतं मागे बोट दाखवायचं. आवळण्याची सगळी हुशारी एवढ्यात.

"ह्यांनाही बघू दे की," म्हणत सासूबाईंनी चाकांची खुर्ची पुढे ढकलली.

"बघा हां, बाबा," सूनबाई मोठ्यानं, सावकाश म्हणाली. "ही. फाइल. आहे."

सासरे पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे, आणि शेवटी नाकातून एक फुस्स.

ते हसणं ती ओळखत होती. चूक चांगली निघाली की ते असे हसायचे. साध्यासुध्या चुकीला नाही. पण डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, अशा आजारात माणूस कारण नसताना हसतो, कारण नसताना रडतो, त्यात अर्थ शोधत बसू नका.  मग तिनं तेच केलं जे ती कुठल्याही चुकीच्या बाबतीत करायची. तीच गोष्ट पुन्हा घडते का, ते बघायचं.

तिनं पडदा खाली सरकवला. हसणं विरलं. वर सरकवला. खांदे हलले. कालच्या कचऱ्यातली दुसरी एक फाइल उघडून समोर धरली. सासऱ्यांनी ती वाचली आणि कंटाळून खिडकीबाहेर पाहिलं. तिनं पुन्हा पहिली उघडली. 

सासरे हसायला लागले आणि मध्येच थांबले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"बुधवार," ते म्हणाले.

आणि तो कुठला बुधवार होता ते तिला कळलं. अगं, किती वेळा तेच. समोरच आहे, वाच.

तिनं वाचलं. चौथी आज्ञा: शून्य अक्षरं मागे जा आणि तिथून नऊ उचलून आण.

शून्य मागे. म्हणजे जिथे उभे आहोत तिथेच, आणि तिथे तर अजून काही लिहिलेलंच नाही. जे बोललोच नाही ते परत बोलून दाखव, असं कुणीतरी सांगावं तसलं ते होतं. मागे जायचं अंतर थोडं असलं की तोच तुकडा किती वेळा उमटवायचा, हे काढायला सासऱ्यांचा कोड त्या अंतरानं भागत होता. शून्यानं भागायला गेला की कोसळत होता. रुग्णालयात कुठलीशी फाइल वाटेत खराब होत असणार आणि त्या जागी शून्य पडत असणार. इतकी वर्षं कुणाला हा प्रश्न सुचला नव्हता. अर्थ न कळणाऱ्या एका डब्याला तो सुचला, आणि उत्तर तोंडात एकच शब्द उरलेल्या माणसानं एका नजरेत ओळखलं. तिला दोघांच्याही पाया पडावंसं वाटलं.

त्याऐवजी ती भांडली.

"बाबा, शून्य तपासलं नाहीत तुम्ही? एवढं साधं? माझी टीप दोन वाक्यं लांबली तर तीनदा परत पाठवलीत, आणि इथे स्वतः शून्यानं भागत बसलाय? कुणी दुसऱ्यानं केलं असतं तर फाडून खाल्लं असतंत त्याला."

ती नेहमीसारखी, भरभर बोलली होती. सासऱ्यांनी डावा हात कपाळाला लावला.

"बुधवार," ते म्हणाले. हा कबुलीचा होता. तोही तिला कळला.

सासूबाई खुर्चीमागे उभ्या होत्या. त्यांनी सासऱ्यांच्या डोळ्यांतलं पाणी रुमालानं टिपलं आणि सुनेकडे न बघताच म्हणाल्या,

"आत्ता बोललीस त्यांच्याशी."

 सूनबाईनं आपली खुर्ची ओढून सासऱ्यांच्या अगदी शेजारी घेतली. दुरुस्ती एका ओळीची होती. ती तिनं त्यांच्या देखत लिहिली. अंतर शून्य असेल तर फाइल खराब आहे असं सांग आणि थांब. डब्यानं शोधलेली फाइल पुन्हा देऊन पाहिली. कोड कोसळला नाही.

मग ती चर्चेत गेली आणि आपलं जुनं वाक्य खोडलं. त्याखाली दुरुस्तीची टीप लिहिली आणि पूर्वीसारखी, पाठवण्याआधी, वाचून दाखवली.

"'खराब फाइलमध्ये मागे जायचं अंतर शून्य आलं तर कोड कोसळत होता. ही चूक सुरुवातीपासून होती, पण कुणाच्या लक्षात आली नाही. आता अंतर शून्य असेल तर फाइल नाकारली जाते. ह्या भागाची रचना अत्यंत विचारपूर्वक केलेली असून—'"

"बुधवार."

तिनं शेवटचं वाक्य पुसलं आणि उरलेलं वाचलं.

"बुधवार."

दुसरं वाक्य गेलं. मग पहिलंही गेलं. तिसऱ्यातले सहा शब्द गेले. सासूबाई मध्येच म्हणाल्या, "आता काही ठेवतात का बघ." शेवटी पडद्यावर फक्त 'शून्य नाकारलं' एवढंच उरलं.  मग तिनं विचारल्याशिवाय त्याच्यापुढे तीन शब्द जोडले आणि वाचले.

"'शून्य नाकारलं. मूळ लेखकाला विचारून.'"

ती थांबली. इतके महिने ती कधी थांबली नव्हती. आता थांबली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. कोपऱ्यात पंखा घरघरत होता. सासऱ्यांनी ते दोन वेळा वाचलं, त्यांची नजर ओळीच्या शेवटापर्यंत गेली आणि परत आली.

ते काही म्हणाले नाहीत. डाव्या हाताचं बोट उचलून त्यांनी 'पाठवा' लिहिलेल्या चौकोनाकडे दाखवलं.