फ्लॉसच्या पायातला छरा

सकाळी सहा पंचवीसला तळ्यावर सत्तेचाळीस पक्षी होते. गंधारने तीनदा मोजले. अठ्ठावीस मॅलर्ड बदकं, दोन काळे राजहंस, तीन पुकेको आणि चौदा प्लास्टिकची बदकं.

"प्लास्टिकची कशाला धरतोस?" मकरंद कुजबुजला. "ती आपणच भुलवायला सोडलीत ना."

"वेगळ्या रकान्यात धरलीत."

"धन्य आहेस बाबा!"

लपणीत तीन माणसं, तीन बंदुका, चहाचा एक थर्मास आणि एक कुत्री होती. इथले लोक अशा लपणीला मायमाय म्हणतात. चार खांब, वर गंजका पत्रा, पुढे छातीइतका उंच मानुकाच्या फांद्यांचा आडोसा, आणि समोर तळं. डाव्या टोकाला मकरंद, मधे ग्रॅहम, उजव्या टोकाला गंधार. ग्रॅहमच्या गमबुटांच्या मधोमध त्याची सात वर्षांची तपकिरी लॅब्रडॉर, फ्लॉस. तळं ग्रॅहमचं, भोवतालचा गाईंचा फार्मही त्याचाच, हॅमिल्टनहून चाळीस मिनिटांवर. २००६च्या मे महिन्यातला पहिला शनिवार होता, म्हणजे इथल्या थंडीच्या तोंडाशी येणारा बदकांच्या शिकारीचा पहिला दिवस. साडेसहाच्या आत बार काढायचा नाही हा नियम, म्हणून तिघेही घड्याळाकडे बघत होते.

मकरंद आणि गंधार एकाच कंपनीतले. कंपनी दूध काढायच्या यंत्रांचे व्हॉल्व्ह बनवायची. मकरंद मूळचा कुडाळचा, छत्तिशीतला, फार्मोफार्म फिरून यंत्रं दुरुस्त करणारा आणि जाईल तिथे माणसं जोडणारा. गंधार पुण्याहून भौतिकशास्त्रात एम. एस्सी. करून आलेला, वय पंचवीस, दिवसभर मोजमापाच्या खोलीत बसणारा. चार वर्षांपूर्वी ऐन ख्रिसमसच्या दिवशी ग्रॅहमचा दूध काढायचा पंप बंद पडला होता आणि तीनशे गाई कासा तटतटून हंबरत उभ्या होत्या. तेव्हा घरचं जेवण टाकून मकरंद आला. तेव्हापासून दर मे महिन्यात त्याला या लपणीत जागा होती. त्याचे वडील पांडुरंग सहा महिने राहायला आले, तेव्हा ग्रॅहमने त्यांना चार चाकांच्या क्वॉड बाइकवर बसवून सगळा फार्म दाखवला होता. कुडाळला परत गेल्यावरही त्यांच्या तोंडी मुलाच्या कंपनीचं नाव कधी आलं नाही, पण ग्रॅहमचं रोज यायचं.

या वर्षी मकरंदने गंधारलाही ओढून आणलं. बंदुकीचा परवाना गंधारकडे नव्हता. परवानेवाला हाताशी उभा राहून शिकवणार असेल तर चालतं, म्हणून ग्रॅहम त्याच्या शेजारी. मकरंदने त्याला आपली जुनी बंदूक आणि चार नंबरच्या पोलादी छऱ्यांची पंचवीस काडतुसं दिली. स्वतःसाठी दोन नंबरची ठेवली. लांबच्या बदकाला जाड छरा लागतो असं त्याचं म्हणणं. ग्रॅहमची बंदूक त्याच्या बापाच्या वेळची, लहान नळीची; तसल्या बंदुकीला शिशाचे छरे अजून चालत, तो तेच वापरायचा. गंधारने आठवड्यापूर्वी मकरंदच्या गॅरेजमध्ये दोन्ही नंबरांचं एकेक काडतूस कापून पाहिलं होतं. चार नंबरच्या काडतुसात दोनशे अकरा छरे निघाले. दोन्हींतले दहा-दहा छरे कंपनीत नेऊन त्याने मोजलेही होते. चार नंबर ३.३० मिलिमीटर, दोन नंबर ३.८१.

"अरे, लोक बदकं मोजतात," मकरंद तेव्हा म्हणाला होता. "हा दारूगोळा मोजतोय!"

लपणीत आल्या आल्या ग्रॅहमने एकच नियम सांगितला. पलीकडच्या काठावर विलोची रांग होती. बदक विलोच्या शेंड्याच्या वर असेल तरच चाप ओढायचा. खाली आलं तर ते त्याचं नशीब, जाऊ द्यायचं. गंधारने नियम वहीत लिहून घेतला. मकरंदने मान हलवली, "स्वीट ॲज", म्हणजे एकदम ठीक, म्हणाला आणि सातच्या सुमारास पहिला तोच चुकला. बदकामागे नळी फिरवत फिरवत तो पार पाण्यापर्यंत खाली आला. बार त्याने काढला नव्हता, पण ग्रॅहमने हात लांब करून त्याची नळी वर उचलली.

"विलोच्या वर, मॅक."

"सॉरी, सॉरी."

आठपर्यंत नऊ बदकं पडली होती. त्यांतलं एक गंधारचं असावं, असं ग्रॅहम म्हणाला. गंधारने वहीत त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. त्याचा खांदा ठणकत होता, बोटं गारठली होती. हे आपल्याला आवडतंय की नाही, ते त्याला ठरवता येईना.

आठ वाजून दहा मिनिटांनी दोन बदकं उजवीकडून आली. पंख ताणलेले, पाय पुढे काढलेले, प्लास्टिकच्या भावंडांत उतरायच्या बेतात. तिघेही उठले. गंधारला दिसलं ते हिरवं डोकं आणि गळ्यातलं पांढरं कडं. बाकी काहीच नाही. दोन सेकंदांत चार बार झाले. मग पलीकडच्या पाणकणसांतून एक किंकाळी आली. ती बदकाची नव्हती.

फ्लॉस कोणाच्याच बुटांमध्ये नव्हती. आधी पडलेलं एक बदक काठाला तरंगत होतं, ते आणायला ती कधी सटकली होती, ते कोणालाच कळलं नव्हतं. ग्रॅहम बंदूक टाकून कमरेएवढ्या पाण्यात शिरला. तो तिला दोन्ही हातांवर घेऊन परतला, तेव्हा तिच्या मागच्या उजव्या पायावरून पाणी आणि रक्त एकत्र गळत होतं. त्याने दोघांकडे पाहिलं.

"माझा," मकरंद म्हणाला. "माझा बार खाली गेला. सॉरी, ग्रॅहम."

  सकाळपासून प्रत्येक गोष्टीची गंधारने नोंद केली होती; त्या दोन सेकंदांत आपली नळी कुठे होती, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं. विलोचे शेंडे दिसल्याचं आठवत नव्हतं. ते दिसत नव्हते, की त्याने पाहिलेच नव्हते?

गावातल्या जनावरांच्या डॉक्टरबाईंनी तासाभराने पट्टी बांधली. दोन छरे मांसात खोल होते, ते तसेच राहू देत म्हणाल्या. गुडघ्याजवळचा एक मात्र काढावा लागला. फ्लॉस जगेल; पण थंड पाण्यात पुन्हा उतरेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. गंधारने दबक्या आवाजात तो काढलेला छरा मागितला.

"आठवण म्हणून?" त्यांनी जरा विचित्र नजरेने विचारलं.

"मोजायला," तो म्हणाला. त्यांनी एका प्लास्टिकच्या डबीत छरा टाकून दिला.

बाहेर आपल्या यूटच्या, मागे उघडा हौदा असलेल्या गाडीच्या, दाराशी ग्रॅहम मकरंदला म्हणाला, "पुढच्या वर्षी राहू दे, मॅक." आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मकरंदने मान डोलावली. 

"तुझाच होता, हे तुला कसं कळलं?" हॅमिल्टन जवळ आल्यावर गंधारने विचारलं.

"कळतं."

"कसं?"

"अरे, सकाळी एकदा तोच घोळ घातला होता की मी. आणखी कोण असणार? तू? तू तर चहात साखरही लेव्हल चमच्याने घालतोस."

रविवारी गंधारने गमबूट दोनदा धुतले. आदल्या दिवशीचे आकडे पुन्हा स्वच्छ उतरून काढले आणि पाचव्या ओळीत पेन थांबलं. डबी टेबलावर होती. ती त्याने आधी खणात ठेवली, मग खिशात, मग पुन्हा टेबलावर. शेवटी फ्रिजवरचं पिझ्झावाल्याचं चुंबक काढून आणलं आणि डबीला लावलं. टिक असा आवाज झाला. चुंबक वर नेलं, छराही डबीच्या भिंतीवरून वर चढला. शिसं चुंबकाला चिकटत नाही. म्हणजे ग्रॅहम सुटला. उरले दोघे.

मायक्रोमीटर कंपनीत, आणि कंपनीला सोमवारपर्यंत कुलूप. घरातली साधी पट्टी छऱ्याला लावून त्याने डोळे बारीक केले. पट्टीवर चारही दिसत होते आणि तीनही, जे हवं ते. त्याने पट्टी ठेवून दिली आणि मकरंदचं घर गाठलं.

मकरंदच्या बायकोने, संपदावहिनींनी, दार उघडलं. "बरं झालं आलास. कालपासून धड जेवला नाहीये. बदकं तशीच फ्रीझरमध्ये कोंबलीत. माझ्या आइस्क्रीमच्या डोक्यावर!"

आत मकरंद स्पीकरवर वडिलांशी बोलत होता. तिकडे कुडाळला सकाळ होती, मागे कोंबडा आरवत होता.

"ग्रॅहमाक माझो नमस्कार सांगलंस?" पांडुरंगकाका विचारत होते.

"सांगलंय, बाबा."

"आनि ती कुत्री? माका बघून नाचायची ती?"

मकरंदने एकदा गंधारकडे पाहिलं. "बरी आसा," तो म्हणाला आणि घाईघाईने फोन ठेवला.

गंधारने डबी त्याच्यापुढे ठेवली. "हा पोलादी आहे. आपल्या दोघांपैकीच एकाचा. उद्या सकाळी मोजला की कळेल."

"कशाला?"

"कशाला म्हणजे?"

"मोजून तिचा पाय बरा होणारे का?"

"नाही. पण ग्रॅहमने तुला येऊ नको सांगितलंय."

"आणि तुझा निघाला तर?"

"तर माझा."

मकरंदने डबी उचलून हलवली. छरा आत खुळखुळला. "हे बघ, तू काल उठलास तेव्हा तुझे पाय लटपटत होते. पहिल्यांदा आलेलास. मी आणलेलं तुला. बंदूकही माझीच."

"म्हणजे तू पाहिलंस?"

"काही पाहिलं नाही रे! मी बदकाकडे बघत होतो. सगळे बदकाकडेच बघतात." त्याने डबी सरकवली, पण गंधारकडे नाही, टेबलाच्या पलीकडच्या कडेला, कचऱ्याच्या पेटीच्या बाजूला. "माझं म्हणून झालंय आता. दे टाकून. मलाही जरा झोप लागेल."

"आणि मला?"

 वहिनी चहा घेऊन आल्या, दोघांकडे बघून कप ठेवून निघून गेल्या. गंधारने डबी घेतली. आपण स्वतःला जसे ओळखतो तसेच उद्या सकाळी वागू, याची त्याला खात्री नव्हती. आकडा नको तो आला, तर तो वहीतच राहील. कंपनीतल्या खोलीत त्याच्याशिवाय कोणी नसतं, आणि मकरंद तर विचारणारही नाही. म्हणून त्याने तिथेच, मकरंदच्या मागच्या अंगणात जाऊन, ग्रॅहमला फोन लावला.

आधी फ्लॉसची चौकशी केली. ती चुलीपाशी झोपली होती, थोडं दूध प्यायली होती. मग तो म्हणाला, "तिच्या पायातला छरा माझ्याकडे आहे. मॅकचे आणि माझे छरे वेगळ्या जाडीचे होते. मी उद्या दहा वाजता फोन करून सांगतो कोणाचा ते."

पलीकडे गाईंचा आवाज येत होता.

"मॅकने तर कबूल केलंय," ग्रॅहम म्हणाला.

"त्याने पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं."

"हे सगळं करायची गरज नाही, पोरा."

"दहा वाजता," गंधार म्हणाला.

मागे वळला तर मकरंद दारात उभा. "मूर्ख आहेस," तो म्हणाला. मग, "जेवून जा. डाळ-भात आहे, बदक नाही."

सोमवारी आठच्या आत गंधार मोजमापाच्या खोलीत होता. तापमान वीस अंश. मायक्रोमीटरचे जबडे पुसले, शून्य पाहिलं, प्रमाणित ठोकळा मोजून उपकरण बरोबर असल्याची खात्री केली. तळव्यांना घाम होता म्हणून हातमोजे बदलले. छरा स्पिरिटने धुतला. उरलेलं काहीतरी वाळलेलं तपकिरी होतं, ते कापसाला आलं. तेवढं त्याने पाहिलं आणि कापूस टाकला.

वहीच्या नव्या पानावर आधी दोन ओळी लिहिल्या. मकरंद, दोन नंबर, ३.८१. खाली स्वतःचं नाव, चार नंबर, ३.३०. त्याखाली रेघ मारली. शेजारी मोबाइल ठेवला, त्यात ग्रॅहमचा नंबर काढून ठेवला. नऊ वाजून एकोणपन्नास मिनिटं झाली होती. इतका वेळ कशात गेला ते त्याला सांगता आलं नसतं.

छरा दर वेळी थोडा फिरवून त्याने पाच वेळा मोजला. ३.३१, ३.३०, ३.२९, ३.३०, ३.३०.

सरासरी ३.३० मिलिमीटर.