गुरप्पाअण्णांचा हात

"लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालू नका अक्का, घशात काही अडकलंय असं वाटलं तरी," असं डॉक्टर सुधारानी सांगत होत्या, तेव्हा राजश्रीचं सगळं लक्ष कडेवरच्या सोनूच्या नाकाकडं होतं. पोरगी सकाळपासून शिंकत होती. ठाणाकुशनूरला जनावरांच्या लसीकरणाला राजश्री आली होती ती सासूबाईंच्या आग्रहामुळं. कुत्रं चावलं तर जखम साबणानं धुवा, त्याच दिवशी मला फोन करा, असंही डॉक्टरांनी सांगितलं. राजश्रीनं मान हलवली, नंबर मोबाइलमध्ये घेतला आणि विषय तिथंच सोडला. गुरांचं बघायला सासूबाई आहेत, आपण लेकराचं बघू, असा तिचा हिशेब.

उदगीरला बी.एस्सी. झालेली ही सून लेकराच्या बाबतीत भारी भित्री. पाणी गाळून उकळायची, झोपेतही सोनूच्या कपाळाला हात लावून बघायची. दूध तर इतकं तापवायची की सासूबाई इंदिराबाई चुलीपाशी येऊन विचारायच्या, "अगं, दूध तापवायलीस का धुणं उकळायलीस?" नवरा रत्नपाल गालात हसायचा. राजश्री मुकाट्यानं आणखी एक उकळी येऊ द्यायची.

पावसाळ्यात एका दुपारी अनोळखी कुत्रं गोठ्यात शिरलं आणि म्हशीच्या नाकाडाला डसून पळालं. जखम म्हणावी तर खरचटल्यासारखी. इंदिराबाईंनी हळद दाबली, म्हैस वैरणीला लागली, घरातले सगळे विसरले. फोन करायचं राजश्रीच्याही ध्यानात राहिलं नाही.

दसरा झाला, सोयाबीनची काढणी चालू झाली आणि म्हशीनं खाणं सोडलं. मान लांब करून उभी राहायची, तोंडातून लाळेच्या तारा लोंबायच्या, आवाज घोगरा झालेला. पाण्यात तोंड घालायची, पण घोट उतरत नव्हता. इंदिराबाईंनी बघताक्षणी निदान केलं की मक्याचं कणीस घशात अडकलंय, आणि गुरप्पाअण्णांना निरोप धाडला.

घशात अडकलं की गुरप्पाअण्णा, हे आजूबाजूच्या सगळ्या वाड्यावस्त्यांना ठाऊक. माणूस वयानं थकलेला, पण हात लांब आणि सडसडीत. आंब्याची कोय, बटाटा, दाव्याचा तुकडा, काय काय त्या हातानं बाहेर काढलं होतं. कुणाचंही अंगण असो, त्याच मोकळेपणानं बसायचे. पैसा घ्यायचे नाहीत. मुक्या जनावराच्या कामाला पैसा घ्यायचा नाही, असं त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. फार तर गुळाचा चहा.

त्या सकाळी अण्णा हुमनाबादला लेकीकडं निघाले होते. वाटेत पिशवी ओसरीवर ठेवली, बाही वर सारली, रत्नपालला म्हशीची मान धरायला लावली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. राजश्री सोनूला घेऊन दारात उभी होती. अण्णांनी बराच वेळ चाचपून हात बाहेर काढला.

"अडकलेलं काय न्हाई," ते म्हणाले. "गळा मोकळा हाय."

तांब्याभर पाण्यात हात बुचकळून त्यांनी धोतराला पुसला, चहा घेतला आणि फाट्याच्या वाटेला लागले.

गळा मोकळा हाय. अडकलेलं काही नाही, तरी घोट उतरत नाही आणि लाळ थांबत नाही. डॉक्टरांचं ते बोलणं आणि पावसाळ्यात गोठ्यात शिरलेलं ते कुत्रं, दोन्ही राजश्रीला एकदमच आठवलं. सासूबाई काय म्हणतील याचा विचार न करता तिनं फोन लावला.

सुधारानी स्कूटरवरून आल्या. हातमोजे घातले, पण लांबूनच बघत राहिल्या. बादलीतलं पाणी म्हशीपुढं सरकवायला लावलं, तिची धडपड बघितली, कुत्र्याचं विचारलं. मग म्हणाल्या की पक्कं तपासणीनंतरच कळेल, पण ही पिसाळीची, म्हणजे रेबीजची लक्षणं आहेत, आणि तसंच धरून चालायचं. कच्चं दूध कुणी प्यालंय का, हे त्यांनी आधी विचारलं. इंदिराबाईंनी सुनेकडं बघितलं. "हिनं कच्चं ठेवलं तर कुणी प्यावं," त्या पुटपुटल्या, आणि पहिल्यांदाच त्यात टोमणा नव्हता.

"आणि तोंडात हात कुणी घातला?"

रत्नपालनं अण्णांचं नाव सांगितलं.

"हातावर जखमा होत्या?"

सोयाबीन काढणाऱ्याच्या हाताला जखमा नसतील तर कुणाच्या असतील? वाळलेल्या शेंगांनी बोटं सोलून निघालेली असतात.

"जनावराचं आता माझ्या हातात काही नाही," सुधारानी म्हणाल्या. "माणसाचं आहे. पण लक्षणं दिसायच्या आत लस घेतली तरच. अण्णा कुठं आहेत?"

राजश्रीनं सोनूला सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. एरवी शंभर सूचना दिल्याशिवाय ती पोरीला सोडत नसे. आज एवढंच म्हणाली, गोठ्याकडं जाऊ देऊ नका. आणि रत्नपालच्या मागं मोटारसायकलवर बसली.

हुमनाबादची गाडी अजून आली नव्हती, अण्णा फाट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. सगळं ऐकून हसले.

"मला कुठं कुत्रं चावलंय? हात घालून घालून म्हातारा झालो. कामून भ्यायलीस पोरी?"

रत्नपालनं हात जोडले, दवाखान्यात चला म्हणून शपथ घातली, लेकीचं नाव काढलं. अण्णा हलेनात. तेवढ्यात हुमनाबादची गाडी आली. कंडक्टर दारातून ओरडला, "अण्णा, चढायलाव का पंचायत भरवायलाव?"

अण्णा उठले. राजश्रीनं त्यांचा हात धरला आणि सोललेली बोटं त्यांच्याच डोळ्यांपुढं केली.

"अण्णा, आमच्या घरचं आजवर तुम्ही काय घेतलंव?"

"च्या घेतलाय की."

"कालवडीच्या वेळी, बैलाच्या वेळी, आज म्हशीच्या वेळी, नुसता च्या. आत्याबाई दर बारीला म्हणतात, या माणसाला काही देता येईना. आज आमच्या घरचं एक घ्या. सुई घ्या. तेवढीबी न्हाई घेतली तर आम्ही पुन्हा कुठल्या तोंडानं तुम्हाला बोलवावं?"

अण्णांनी गाडीकडं बघितलं, मग हाताकडं. नाही म्हणणं त्यांना आयुष्यभर जमलं होतं, पण ते पैशाला. ते पुन्हा खाली बसले. कंडक्टरनं घंटी मारली.

चहाच्या हॉटेलच्या नळाखाली राजश्रीनं त्यांचा हात धुण्याच्या साबणानं धुतला. डॉक्टरांनी निघताना सांगितल्याप्रमाणं चांगला पाव तास, वाहत्या पाण्यात, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. दवाखान्यात सुधारानींनी आधीच कळवून ठेवलं होतं. लस टोचली, जखमांच्या भोवतीही औषध टोचलं. ते फार दुखतं. अण्णांनी दात आवळले आणि रत्नपालला म्हणाले, "सकाळी तू म्हशीची मान धरलास, आता माझी धर." रत्नपालनंही सुई घेतली, कारण मान धरताना लाळ त्याच्याही मनगटावर आली होती.

म्हैस दोन-तीन दिवसांत गेली. तपासणीत पिसाळीच निघाली. विहिरीपासून लांब, खोल खड्ड्यात तिला पुरलं. इंदिराबाई दिवसभर जेवल्या नाहीत. सुधारानी त्यांच्याजवळ ओसरीवर बसून राहिल्या. बोलता बोलता सांगत होत्या की घरच्यांना त्या माणसांच्या डॉक्टर व्हायला हव्या होत्या. बीदरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात नाव घातलं तेव्हा नातेवाईक गुरांची दाई म्हणून चिडवायचे. इंदिराबाईंनी त्यांच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "माझा लेक वाचवलीस की ग माय, गुरांची कशी म्हणू तुला?"

अण्णांनी एकही सुई चुकवली नाही. शेवटच्या सुईनंतर ते गुळाची ढेप घेऊन आले आणि या बारीचा च्या माझ्याकडून, म्हणाले. राजश्री आता लसीकरणाला सुधारानींबरोबर जाते. त्या कन्नडमध्ये सांगतात, ती मराठीत. सोनू पुढं अण्णांच्या मांडीवर असते. हात घालू नका हे सांगायची वेळ आली की अण्णा आपला लांब हात वर करतात, आणि मागच्या बायासुद्धा बोलायच्या थांबतात.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही गावात असा एक हात असेल, कुणाच्याही गोठ्यात धावून जाणारा आणि चहापलीकडं काही न घेणारा. राजश्रीचं तुमच्यापाशी मागणं आहे, आजच त्याच्याकडं एक चक्कर टाका. लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात इतक्यात हात घातला होता का, एवढं विचारा. घातला असेल तर हात धुवायला लावा, आणि तो नाही म्हणाला तरी दवाखान्यात घेऊन जा.