मधला गिअर

लोक मला तोंडावर घार म्हणतात आणि पाठ वळली की गिधाड. दोन्ही नावं धंद्यावरून पडली आहेत. कुठल्या गोदामात, कुठल्या बंद कारखान्याच्या मागे जुनी जीप कुजत पडली आहे ते मला लांबून कळतं, आणि मालक थकला की मी बरोबर दारात हजर असतो. जीप घ्यायची, नाहीतर तिचे भाग सुटे करून विकायचे, तीस वर्षं हेच करतोय. त्यात लाज वाटावी असं काही नाही, असं मी परवापरवापर्यंत सगळ्यांना ऐकवत होतो.

धंदा मला मामाने शिकवला. मामा म्हणायचा, "चालती गाडी कोणी विकत नाही. ज्या गाडीवर आपला डोळा आहे, तिला अडलेला भाग कधी द्यायचा नाही. दिलास तर भागाचे पैसे मिळतील. दाबून ठेवलास तर एक दिवस अख्खी गाडी मिळेल." आमच्या धंद्यात याला वाट बघणं म्हणतात. त्यात चोरी नाही. कोणी विचारलं की 'नाही मिळाला' म्हणायचं, बस.

मास्तरांची जीप एका बंद पडलेल्या खाणीच्या लिलावात निघाली होती. बॉनेट मूळचं, चासी मूळची, नंबराची पितळी पट्टीसुद्धा जागेवर. अशा मी आयुष्यात दोनच पाहिल्यात. बोली रेंगाळली म्हणून मी चहा प्यायला गेलो, आणि परत येऊन बघतो तर चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर ती घेऊन मोकळे! पुस्तकात बघून नट फिरवणारा माणूस. म्हटलं, सहा महिन्यांत कंटाळेल आणि येईल माझ्याकडेच.

मास्तर कंटाळले नाहीत. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन वर्षं राबून त्यांनी इंजिन खोललं, बसवलं, सुरू केलं. घोडं अडलं ते एका गिअरपाशी. गिअरबॉक्सच्या मागे एक लोखंडी पेटी असते, इंजिनाची ताकद तिच्यातून चाकांकडे जाते. त्या पेटीतला मधला गिअर खाणवाल्यांनीच कधीतरी काढून घेतला होता. तो नसला तर इंजिन कितीही गुरगुरू दे, गाडी तसूभर हलत नाही. "लेथवर करून घेऊ का?" असं मास्तरांनी विचारलं, तेव्हा मीच म्हणालो, "नकली गिअर अख्खी पेटी खाईल. मूळचाच हवा. मी शोधतो."

"शोध रे बाबा," मास्तर म्हणाले. "पण घाई नाही हं."

वर्षाच्या आतच मला तो मिळाला, एका भंगारवाल्याच्या डब्यात, गंजाचा ठिपका नसलेला. मी तो तेलकट फडक्यात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातला आणि डबा कपाटावर ठेवून दिला. मास्तरांना म्हणालो, नाही मिळाला. असं पुढची आठ वर्षं म्हणत राहिलो.

सुरुवातीला मी रविवारी त्यांच्याकडे डोकवायचो. म्हणजे जीपकडे. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? दर रविवारी सकाळी मास्तर इंजिन सुरू करायचे, नुसतं ठेवून बिघडू नये म्हणून. बाई, म्हणजे त्यांची बायको, त्याही शिक्षिकाच होत्या, थर्मास घेऊन शेजारच्या सीटवर बसायच्या. "आज कुठे?" मास्तर विचारायचे. "टेकडीवरच," बाई म्हणायच्या. "रस्ता खराब आहे, धरून बसा," असं म्हणून मास्तर स्टिअरिंग फिरवायचे, आणि बाई खरंच पुढचा दांडा धरायच्या. गाडी जागच्या जागी थरथरत असायची. अर्ध्या तासाने इंजिन बंद करून दोघं उतरायची आणि बाई म्हणायच्या, "कंबर मोडली बाई!" मी पोट धरून हसायचो. बाहेर सगळ्यांना सांगायचो की एक वेडं जोडपं बघून ठेवलंय. पुढे माझं जाणं कमी झालं. शेवटची चार वर्षं तर फोनवरच, मास्तर विचारायचे आणि मी म्हणायचो, नाही हो मिळाला.

या वर्षी मास्तर गेले. झोपेतच गेले. तीन आठवड्यांनी बाईंचा फोन आला.

"घार, जीप घेऊन जा. तुझा डोळा होता तिच्यावर, मला ठाऊक आहे. पैसे काय ते तूच ठरव. एकच अट आहे. आधी मला त्यातून एकदा टेकडीवर ने."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, मामाची आठवण काढून मी मनातल्या मनात नाचलो. दोन दिवसांनी हत्यारं आणि बिस्किटांचा डबा घेऊन शेडमध्ये गेलो. बाई दारात उभ्या होत्या, भिंतीला हात लावून. मी समोर जाऊन उभा राहिलो तरी त्या माझ्या खांद्यापलीकडेच बघत होत्या.

"आलास का रे?" त्यांनी विचारलं. "बोल ना काहीतरी, म्हणजे कळेल कुठे आहेस ते."

त्यांना दिसत नव्हतं. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलं; दोन वर्षांपूर्वी सगळंच गेलं. हे सगळं त्यांनी मी गाडीखाली आडवा पडलेला असताना सांगितलं, दूध नासल्याचं सांगावं तितक्या सहज. मी पेटीचं खालचं झाकण काढलं, गिअर हाताने वर धरला, मागून दांडा ठोकला. गिअर असा बसला की जणू कालच काढला होता. वरून तेलाची धार डोळ्यांत गेली म्हणून मी डोळे पुसले. तेव्हा तरी ते तेलच होतं.

टेकडीचा रस्ता म्हणजे दगडांचा ओढा. साधी गाडी पहिल्या वळणालाच रडेल. जीप मुंगीसारखी चढत गेली. बाई पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या आणि दर खड्ड्याला हसत होत्या. "हे खरं असतं होय!" म्हणाल्या. "ते नुसतंच स्टिअरिंग हलवायचे. खड्डे काही त्यांना जमले नाहीत."

वर एक शाळा होती. म्हणजे कधीकाळी होती. दोघांची पहिली नोकरी तिथली, ओळख तिथलीच.

"काय दिसतं?" बाईंनी विचारलं.

"दोन भिंती आहेत. छप्पर गेलंय."

"आणि फळा? त्यांनी भिंतीवरच रंगवला होता."

एका भिंतीवर काळा चौकोन होता. कडा पोपडे धरून उडाल्या होत्या, मधला रंग शाबूत. मी त्यांना धरून तिथे नेलं. बाईंनी तळहात टेकवला आणि हळूहळू फिरवत नेला, खालच्या कोपऱ्यापर्यंत.

"डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा हातात पाच-सहा वर्षं होती," त्या म्हणाल्या. "नजर आहे तोवर हिला हा फळा दाखवायचा, एवढं एकच त्यांनी मनावर घेतलं होतं."

"पण मास्तर तर म्हणायचे, घाई नाही."

"तुला म्हणायचे. घरी रात्र रात्र येरझारा घालायचे. मी म्हणायचे, दुसऱ्या कोणाला तरी सांगा, पेपरात जाहिरात द्या. तर म्हणायचे, नको, घार जिवाचं रान करतोय, त्याला वाईट वाटेल."

इतकी वर्षं जे शब्द मी सोयीने ऐकत होतो, ते म्हाताऱ्याने माझी भीड म्हणून उच्चारले होते.

बाईंनी फळ्यावरून हात काढला. "एक विचारू? नऊ वर्षं जो गिअर मिळाला नाही, तो दोन दिवसांत कसा मिळाला?"

खोटं तयार होतं. माझ्याकडे ते नेहमीच तयार असतं. एका गावी जुना माल निघाला, त्यात नशिबाने सापडला, असं काहीही चाललं असतं. आंधळ्या बाईला कोण दाखवणार होतं माझं तोंड? पण जीभ उचलली नाही.

"माझ्याकडेच होता," मी म्हणालो. "कपाटावर. आठ वर्षं."

त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "चल," एवढंच म्हणाल्या. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. भिंत चाचपत, दगडांना ठेचकाळत स्वतःच गाडीपर्यंत गेल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. येताना खड्ड्यांवर हाडं खिळखिळी झाली असतील, पण तोंडातून आवाज नाही.

शेडमध्ये गाडी लावली. इंजिन बंद केलं.

"गाडी देते म्हणाले होते," बाई म्हणाल्या. "आजवर दिलेला शब्द मोडला नाही. आज मोडते. आणि तुझा तो गिअर काढ आणि घेऊन जा."

"बाई, राहू दे. गाडी चालू झालीय. तुम्हाला पाहिजे तेव्हा मी येऊन फिरवून आणीन. दर रविवारी येईन. पैसे नकोत, काही नको."

"आमची गाडी चालत नव्हती," त्या म्हणाल्या. "आम्ही होतो तसे बरे होतो. काढ."

मी पुन्हा गाडीखाली शिरलो. ज्या गिअरसाठी नऊ वर्षं वाट बघितली, किंवा बघायला लावली, तो ठोकून बाहेर काढला. झाकण लावलं, बोल्ट आवळले. बाई बाजूला उभ्या राहून शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत ऐकत होत्या. मी निघताना म्हणालो, "येतो बाई." त्या भिंत चाचपत घरात गेल्या.

डबा परत कपाटावर ठेवला नाही. टेबलावर आहे, झाकण उघडंच. परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, केवढ्याला देणार? मी त्याला हाकललं.

काल रविवार होता. त्या गल्लीत माझं काही काम नव्हतं, तरी गेलो आणि फाटकाबाहेर उभा राहिलो. शेडमधून इंजिनाचा आवाज येत होता. दाराच्या फटीतून दिसलं, बाई मास्तरांच्या जागेवर बसल्या होत्या, स्टिअरिंग दोन्ही हातांत. शेजारच्या रिकाम्या सीटवर थर्मास ठेवला होता.

"रस्ता खराब आहे," त्या म्हणत होत्या, "धरून बसा."