टाका धरलाय का

लघवीची नळी काढून तिसरा दिवस होता. बाजेवरून उठले तर परकर मागून ओला लागला. हात लावून पाहिला, वास घेतला. काहीच कळलं नाही.

बाळाचा लंगोट भिजला होता, तो माझ्या मांडीला लागला होता. दूध गळत होतं. आईने दार-खिडकी लावून कानाला फडकं बांधून ठेवलेलं, त्यामुळे अंगभर घाम. बाळंतपणानंतरचं अंगावरून जाणंही अजून पूर्ण थांबलं नव्हतं. सतरा दिवसांत मी इतक्या तऱ्हांनी ओली होत होते, की त्यातलं नेमकं कुठलं ओलं कशाचं, हे शोधायचं कसं?

पहिलं बाळंतपण औशाला माहेरीच व्हायचं होतं. बॅगसुद्धा भरून ठेवली होती. पण पंधरा दिवस आधीच, नांदेडला सासरी असताना कळा सुरू झाल्या. अठरा तास कळा दिल्या, बाळाचं डोकं खाली अडकलं आणि शेवटी सिझर झालं. अडकलेलं डोकं वर ओढून घेताना माझी लघवीची पिशवी फाटली. डॉक्टरांनी ती तिथल्या तिथे शिवली. हे मला कुणी सांगितलं नाही, तिसऱ्या दिवशी केसपेपर वाचताना समजलं. आदर्शला, म्हणजे माझ्या नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "तुला टेन्शन नको म्हणून." चौदा दिवस नळी होती. नळीची पिशवी गाऊनखाली लपवून मी गाडीतून माहेरी आले.

नळी लातूरला कहकशां मॅडमनी काढली. काढताना त्या म्हणाल्या, "वर्षाराणी, आता टाका धरलाय का, तेवढंच बघायचंय. टाका सुटला असेल तर तिथे भोक राहतं. मग लघवी सारखी झिरपते. झोपलीस तरी, नुसती बसलीस तरी. तसं असलं तर तीन महिन्यांनी परत ऑपरेशन. टाका धरला असेल आणि फक्त खालचे स्नायू ढिले पडले असतील, तर शिंकताना, काही उचलताना थोडं येतं. ते व्यायामाने सुधारतं. रोज तीन लिटर पाणी प्यायचं. दर दोन तासांनी लघवीला जायचं, लागो न लागो."

तीन लिटर! घरी आईने ओवा घालून उकळलेलं पाणी दिवसाला दोन फुलपात्री ठरवून दिलं होतं. "बाळंतिनीनं ढसाढसा पानी पेलं की टाके पिकतेत," हे तिचं म्हणणं. पोटाचे टाके आणि आतले टाके वेगळे, हे मी तिला कागदावर चित्र काढून समजावलं. तिने चित्र नीट पाहिलं आणि तांब्या उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. मग ती देवपूजेला बसली की मी माठातून पिऊन घ्यायचे.

ओल्या परकरावर बसूनच मी मॅडमना फोन लावला.

"झोपल्यावर भिजतंय का उठल्यावर?"

"तेच तर कळत नाही मॅडम."

"मी गुरुवारपर्यंत बाहेरगावी आहे. ऐक. बी-कॉम्प्लेक्सची गोळी आहे ना तुझ्याकडे? उद्या सकाळी घे. लघवी पिवळीधमक होईल. पांढरं स्वच्छ कापड लाव आणि दर तासाला बदल. एक तास नुसती पडून राहा, एक तास बस, एक तास बाळाला उचल, खोक, फिर. प्रत्येक कापड वेगळं ठेव. पडल्यापडल्या पिवळं झालं, तर गुरुवारची वाट बघू नको. दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टर आहेत, लगेच ये."

मला हे फार आवडलं. बी.एस्सी. केमिस्ट्रीला असतानाच्या प्रॅक्टिकलसारखं वाटलं. बाबांच्या जुन्या धोतराचे तीन तुकडे केले, कोपऱ्यावर पेनाने एक, दोन, तीन लिहिलं. आईला सांगितलं नाही. काय सांगायचं? एकोणतीस वर्षांची बाई अंथरूण ओलं करते की काय, ते तपासतेय, असं?

दुसऱ्या दिवशी आठला गोळी घेतली. नऊला शांतम्मा आल्या. त्या मूळच्या देगलूरकडच्या, आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाळंतिणींना आणि बाळांना त्याच न्हाऊ घालतात. पाठ, पाय रगडले, कढत पाण्याने अंघोळ घातली, वरून खसाखसा पुसलं.

"पोरगी नांदेडची दिसून राहिली," बाळाला पायांवर घेत त्या म्हणाल्या. "रडती कशी बघा, भांडल्यावानी."

"आमच्यात कोन असं रडत न्हाई," आई म्हणाली. "तिकडलंच हाय ते."

सगळं उरकून मी दार लावलं, एक नंबरचं कापड लावलं आणि बाजेवर पडले. हललेसुद्धा नाही. बाळ रडलं, तर आईला हाक मारली. तासाने कापड काढून उजेडात धरलं.

पिवळं.

डाग लहान नव्हता. दोन्ही कडांना लांबट पट्टे, मधे फिकट. दोन नंबर लावून बसले. तेही पिवळं. तीन नंबरला बाळाला घेऊन खोलीत फिरले. ते तर ओलं आणि पिवळं, दोन्ही. सगळ्या तासांना पिवळंच, म्हणजे सारखंच झिरपतंय. म्हणजे टाका सुटला.

आदर्शला फोन केला. तो लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. दोन बॅचच्या मधे सापडला.

"सगळी पिवळी आहेत," मी म्हणाले.

"किती?"

"किती म्हणजे? तीनच्या तीन."

"नाही, म्हणजे किती मिली असेल अंदाजे?"

"अहो, मी कापड लावलंय, मोजपात्र नाही!"

मग तो म्हणाला, "मी गाडी घेऊन येऊ का? तू सांग. यायचं म्हणतेस का नको?" मला सांगता येईना. लगेच निघायचं, तर आईला सगळं सांगावं लागणार. परत नळी, परत तो गाऊन. मूल दूध पिणारं. सासूबाईंनी बारशाची तारीख काढलेली. मी म्हणाले, "थोड्या वेळाने सांगते," आणि फोन ठेवून बाळाला पाजायला घेतलं.

तेवढ्यात मोरीतून आई ओरडली. "राणे! अगं राणे, लवकर ये!"

बाळाला बाजेवर ठेवून मी पोट धरून गेले. बाजेखाली ठेवलेली माझी तीनही कापडं तिला सापडली होती. घरात बाळंतिणीचं मळकं राहू नये म्हणून तिने ती धुवायला घेतली होती. एक नंबरच्या कापडाला साबणाची वडी घासली होती, आणि ते कापड लाल झालं होतं. भडक, तांबडं.

"रगत जायलंय तुला आन् तू सांगत न्हाईस!" आईचे डोळे भरले होते. "कवापासून हाय हे?"

मी कापडाकडे बघतच राहिले. पिवळे पट्टे तेच, जागा तीच, फक्त आता लाल. आणि मला कॉलेजची लॅब दिसली. लिटमस संपला की आमचे सर हळदीत बुडवलेला कागद आणायला सांगायचे. सोडा लागला की लाल.

"आई, शांतम्मा मला अंघोळीनंतर काय लावतात?"

"हळद. जांगंला, मांड्याला. घामोळं येऊ ने म्हनून. का?"

रोज लावत होत्या. माझ्या समोर, माझ्याच अंगाला. हळद मला दिसलीच नव्हती. पिवळा रंग शोधायचा म्हणून मी सकाळपासून डोळे ताणून बसले होते, आणि पिवळं माखूनच बाजेवर पडले होते.

मी मोरीतच पाट घेऊन बसले. दोन नंबरला साबण लावला. लाल झालं. तीन नंबरला लावला. कडा लाल झाल्या, पण मधला रुपयाएवढा डाग पिवळाच राहिला.

"बस कर, टाके तुटतीन," आई म्हणाली. पण आता ती कापडाकडेच बघत होती. "ह्ये मधलं कामून न्हाई झालं?"

"ती हळद नाही म्हणून."

"मंग काय हाय?"

सांगितलं. मोरीत, साबणाच्या फेसात हात घालून, सगळं सांगितलं. नळी, भोक, गोळी, पिवळं. आईने ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग धरला का टाका?"

तेच तर कळेना. एक आणि दोन नंबरच्या लालाखाली थोडं गोळीचं पिवळं दडलं नसेल कशावरून? प्रॅक्टिकल बिघडलं होतं. आदर्शला मेसेज केला, आज येऊ नका, उद्या परत बघते. त्याने अंगठा पाठवला. अंगठ्याचा अर्थ काय घ्यायचा, त्याचाही मी बराच वेळ विचार केला.

दुसऱ्या दिवशी शांतम्मा आल्या, तेव्हा मीच म्हणाले, "आज हळद लावायची नाही."

"न्हाई? मंग काय पावडर लावू?" त्यांनी कमरेवर हात ठेवून आईकडे पाहिलं. "उद्या सासरचे म्हन्तील, तुळजाबाईनं लेकीला तशीच उठवली. नाव माझं खराब."

आई म्हणाली, "र्‍हाऊ द्या आजच्या दिस. तिचं तपासायचं हाय. लघवी गळती का, ते."

मला वाटलं, जमिनीत जावं. शांतम्मांनी मात्र बाळाची टाळू तेलाने भरता भरता मान वर केली. "एवढंच? माझं पाचव्या बाळंतपनापासून गळून राहिलं. खोकले की लुगडं बदलते. कुनाचं गळत न्हाई, सांगा तुम्ही?"

"शांतम्मा, गप बसा," आई म्हणाली. एवढं तोडून ती त्यांना कधी बोलत नाही.

माझा गोंधळ अजून वाढला. सगळ्यांचंच गळत असेल, तर हा आजार आहे की नाही? आणि आजार नसेल, तर मी का रडतेय?

आईने स्वतः माझ्या मांड्या साबणाने तीनदा धुतल्या. गोळी घेतली. पाण्याचा तांब्या तिने आपण होऊन भरून उशाशी ठेवला, वर म्हणाली, "पी. डाक्टरीन म्हन्ली ना." मग ती दाराबाहेर बसली, कुणाला आत येऊ दिलं नाही. शेजारची भेटायला आली, तर तिला सांगितलं, "निजलीय."

धोतराचे नवे तुकडे फाडले होते. एक नंबर, पडून. तासाने काढलं. ओलं होतं. पण पांढरं. आईला आत बोलावलं. दोघींनी खिडकीशी धरून पाहिलं. आईने वास घेतला.

"घाम हाय."

"नक्की?"

"मला काय माहीत नक्की? घामच वाटतो."

दोन नंबर, बसून. पांढरं, कोरडं. तीन नंबरला बाळाला उचललं, मुद्दाम खोकले, पुन्हा उचललं. पांढऱ्या कापडावर मधोमध पिवळा डाग, कालच्याएवढाच. साबण लावला. पिवळाच राहिला.

फोटो काढून मॅडमना पाठवले. तासाने त्यांचा फोन आला. "उचलतानाच येतंय, पडून नाही. टाका धरलाय असं दिसतंय. गुरुवारी ये, आत निळं पाणी भरून खात्री करू."

"पण पहिलं ओलं होतं, मॅडम."

"रंग कुठला होता?"

"पांढरा."

"मग आधी खिडकी उघड. घाम येणार नाही."

गुरुवारी आई बरोबर आली. बाळंतिणीने सव्वा महिन्याच्या आत दुसऱ्यांदा घराबाहेर पडायचं तिला पटत नव्हतं, पण ती आली. लातूरला मॅडमनी लघवीच्या पिशवीत निळं पाणी भरलं, योनीमार्गात एकामागे एक तीन कापसाचे बोळे ठेवले, मला खोलीत फिरायला लावलं. शेवटी बोळे एकेक करून काढून ट्रेमध्ये मांडले. आतले दोन्ही पांढरे. फक्त बाहेरचा निळा.

"धरलाय. भोक असतं तर आतले निळे झाले असते," त्या म्हणाल्या.

मला हसू यायला हवं होतं. मी बाहेरच्या निळ्या बोळ्याकडेच बघत राहिले. मॅडमनी माझी हनुवटी वळवली. "तो खालच्या वाटेने आलाय, उचलताना येतो तोच. महिने लागतील, पण कमी होईल." मग व्यायाम शिकवला. लघवी मधेच रोखताना जे आवळतो, ते आवळायचं. पाच मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. उठताना, उचलताना आधी आवळायचं, मग उचलायचं. श्वास रोखायचा नाही. आई बाळाला घेऊन कोपऱ्यात बसली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून.

परतीच्या एस.टी.त खिडकीची जागा मिळाली. बाळ आईच्या मांडीवर झोपलं होतं. गाडी लातूरच्या बाहेर पडली, तशी आई हळूच म्हणाली, "पाच मोजायचे म्हन्ली का धा?"

"पाच. दहा वेळा."

"आन् मंदी सोडायचं?"

"हो."

तिने मान हलवली. थोड्या वेळाने पाहिलं, तर तिची नजर समोरच्या सीटवर होती आणि ओठ हलत होते. ती माझ्यासाठी पाठ करत होती की काय, मला कळेना.

"आई, तुला पण...?"

"बोलू नगंस," ती म्हणाली. "आकडा चुकतो."