रंजीताला आणलं त्या दिवशी

सातवीनंतर सोडलेल्या गावात प्रणित पुन्हा आला तो चैत्रातल्या एका सकाळी. सावली या तालुक्याच्या गावापासून आत, जंगलाला लागून असलेलं गाव. वडील गडचांदूरला सिमेंट कारखान्यात लागले आणि सगळं बिऱ्हाड तिकडं गेलं, तेव्हापासून इकडं येणं झालंच नव्हतं. आता तो नागपुरात गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होता. त्याला न्यायला फाट्यावर झाडू कुमरे मोटारसायकल घेऊन उभा होता. वर्गातला जुना मित्र. आता याच जंगलात वनरक्षक. गावातले त्याला गार्ड म्हणत.

मोटारसायकल शाळेपाशी लावून दोघं जुन्या मोहल्ल्यातून पायीच फिरले. प्रणितच्या घराच्या जागी आता दुसऱ्या कुणाचं स्लॅबचं घर होतं. शाळेलाही नवी इमारत आली होती. कौलारू खोली मात्र तशीच, आत मोडके बेंच रचलेले.

"इथीच मार खाल्ला ना तू?" प्रणितनं विचारलं.

झाडू हसला. घरी गोंडी बोलणाऱ्या झाडूच्या तोंडून वर्गात पाण्याला 'येर' निघून जायचं, आणि तेव्हाचे गुरुजी त्याला बांबूच्या कमचीनं झोडायचे. एकदा तर बोटं फुटेस्तोवर. त्या दिवशी त्यांच्याच वर्गातली रंजीता उठली, कमची हिसकली आणि गुडघ्यावर मोडली. मग गुरुजींनी तिला अशी थोबाडीत दिली की तिचा ओठ फाटला. ती रडली नाही. दाराबाहेर जाऊन रक्त थुंकली आणि परत झाडूच्या शेजारी येऊन बसली.

"आज तिच्याच घरी जेवण हाये आपलं," झाडू म्हणाला. "देवाजीसंग लग्न झालं तिचं. तो बाहेरगावचा, पन इथीच राह्यते. सकाळी मोहफुलं वेचाले गेली असन. मी घसा फोडून सांगून राह्यलो, नाल्यापलीकडे जाऊ नका, वाघ हाये. पन फुलं तिकडच पडते, मानसं आयकत नाई."

तो बोलत असतानाच रंजीतासोबत फुलं वेचायला गेलेली बायनाबाई नाल्याकडून पळत आली. तिच्या डोक्यावरचा पदर सुटला होता, पायांत चपला नव्हत्या.

"रंजीताले नेलं! वाघानं नेलं रे तिले!"

झाडूनं मोटारसायकलला लावलेली काठी ओढली आणि धावत सुटला. प्रणितनं कुंपणातला एक बांबू उपसला. मागून आणखी माणसं आली, पण नाल्याच्या काठावर सगळी थांबली. पलीकडे गेले ते दोघंच.

एका मोहाच्या झाडाखाली टोपली उलटी पडली होती. तिथून झुडपात काहीतरी ओढत नेल्याची वाट गेली होती, वाळलेल्या पानांवर रक्त. थोडं पुढं गेल्यावर आधी आवाज आला, हाड चावल्याचा. मग वाघ दिसला. तो रंजीताच्या अंगावर पुढचे पाय टाकून बसला होता.

झाडू ओरडला. काठी झाडाच्या बुंध्यावर आपटत, शिव्या देत तो पुढं सरकू लागला. प्रणित नुसता बांबू आपटत राहिला. वाघ उठला आणि एकदम अंगावर आला. त्याचं तोंड लाल होतं. झाडूनं काठी फेकून मारली, ती वाघाच्या तोंडावर बसली. वाघ जागीच वळला, गुरगुरला आणि बाजूच्या झुडपात शिरला. तो पूर्ण गेला नव्हता. त्याची गुरगुर जवळच ऐकू येत होती.

रंजीताची मान मोडली होती. एका मांडीचं मांस उरलं नव्हतं. प्रणितनं शर्ट काढून तिच्यावर टाकला. दोघांनी तिला उचललं आणि पाठ न फिरवता मागं मागं चालत नाल्यापर्यंत आणलं.

लोकांनी बाज आणली. साहेब लोक येईपर्यंत म्हणून बाज शाळेच्या पटांगणात ठेवली. तोवर अख्खं गाव जमलं होतं. या उन्हाळ्यात वाघानं मारलेलं हे पहिलं माणूस नव्हतं.

"हा वाघ तुमचा हाये ना, गार्डा?" कुणीतरी म्हणालं. "तुमीच पोसून राह्यले न त्याले?"

पहिला दगड झाडूच्या कानावर लागला. दुसरा त्यानं हातावर घेतला. मग त्याला खाली पाडून लाथा घालायला लागले. कुणी त्याची मोटारसायकल आडवी करून पेटवली. "त्यानंच आनलं तिले! त्यानं आनलं!" प्रणित ओरडत होता, पण ऐकायला कुणी नव्हतं. त्याच्या पाठीत काठ्या बसल्या. काखेत हात घालून त्यानं झाडूला ओढत कौलारू खोलीत नेलं आणि आतून दाराला बेंच लावला.

दार फार टिकलं नाही. आत शिरला देवाजी. सावलीच्या राईस मिलमधून तो निरोप मिळताच आला होता, आणि हातात कुऱ्हाड होती.

"देवाजी, आयक माह्यं," झाडू भिंतीला टेकून म्हणाला.

देवाजीनं कुऱ्हाड घातली. झाडूनं आडवा धरलेला हात कोपराखाली मोडला, पातं हाडात शिरलं. देवाजीनं ते उपसलं आणि पुन्हा उचललं. प्रणितच्या हाताला मोडक्या बेंचचा पाय लागला. त्यानं दोन्ही हातांनी तो देवाजीच्या डोक्यावर हाणला. देवाजी कोसळला. प्रणितनं आणखी एकदा हाणला. डोकं फुटून रक्त फरशीवर आलं, तसे दारातले लोक मागं सरले. कुणी आत आलं नाही. पटांगणात बायका रडत होत्या, तेवढाच आवाज येत राहिला.

पोलीस आले. एकाच गाडीत झाडू आणि देवाजी, दोघांनाही गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. झाडूच्या हातात सळई टाकावी लागली. जबाब घेताना त्यानं सांगितलं, गर्दीत कोणाचं तोंड दिसलं नाही. प्रणितनं आपण मारल्याचं सांगितलं, पण देवाजीनं तक्रार केली नाही. रंजीताची माती गावानं उरकली तेव्हा हे दोघं वेगवेगळ्या वॉर्डांत पडून होते.

नागपूरला परतण्याआधी प्रणित देवाजीच्या खाटेजवळ गेला. डोक्याला टाके, एक डोळा सुजून बंद.

"मारलं ते बरं केलं तू," देवाजी म्हणाला. "नाईतर मी झाडूले जित्ता ठेवला नसता. मंग काय केलं असतं मी?"

प्रणित स्टुलावर बसला.

"मले तिचं तोंड पाहू देल्लं नाई कोनी. कसं होतं?"

"तोंडाले काईच झालं नवतं, भाऊ. खरंच सांगतो."

देवाजीनं भिंतीकडं तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते. मग तसाच पाठमोरा म्हणाला, "शाळेत कशी होती ती? मी तं तवा तिले पाह्यलंच नाई. सांग न काई."

प्रणित सांगू लागला, पंधरा ऑगस्टच्या कबड्डीत रंजीता मुलांच्या गटात खेळायची. एकदा चड्डीला धरून तिनं पाटलाच्या पोराला असं ओढलं की चड्डी तिच्याच हातात राहिली, आणि ती तशीच हातात घेऊन रेषेपर्यंत पळाली.

देवाजी हसला. टाके ताणले तसा कळवळला, पण हसायचा थांबला नाही.

"मंग?" त्यानं विचारलं. "मंग काय झालं?"